श्रोत्रेंद्रियाचे रक्षण : कानामागील हाडाची शस्त्रक्रिया

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाची संहिता)



जैन गृहस्थास ‘श्रावक’ हे नाव ज्या धातूवरून मिळाले तो धातू ‘श्रु’, म्हणजे ऐकणे. जिनवाणीचे श्रवण करतो तो श्रावक, अशी त्या शब्दाची सरळ फोड सांगितली जाते. आगमांना ‘श्रुत’ म्हणतात तेही याच कारणाने. ताडपत्रावर उतरण्यापूर्वी ते ज्ञान शतकानुशतके गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी, असेच टिकले. जीवांची गणना एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत करताना स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षू आणि श्रोत्र असा जो क्रम लावलेला आहे, त्यात श्रोत्र सर्वांत शेवटी येते. मुंगीच्या वाट्याला ते आलेले नाही, भुंग्याच्याही नाही. इतक्या पायऱ्या चढून लाभलेल्या या इंद्रियाविषयी घरोघरी दिसणारी बेफिकिरी मात्र आश्चर्य वाटावे अशी आहे. मुलाचा डोळा लाल झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठला जातो. त्याच मुलाचा कान वर्षानुवर्षे वाहत असतो, उशीच्या अभ्र्यावर डाग पडत असतात, आणि आजी सांगत असते, “त्याचा कान लहानपणापासून फुटतो, मोठा झाला की आपोआप थांबेल.”

त्या वाहत्या कानाचा सर्वांत धोक्याचा टप्पा हा या व्याख्यानाचा विषय आहे. कानातील रोग कानामागच्या हाडात उतरला आणि हाड कुजू लागले, म्हणजे तो कुजका भाग कोरून काढावा लागतो. डॉक्टर या शस्त्रक्रियेला ‘मॅस्टॉइडेक्टमी’ म्हणतात. घरात तिला ‘कानामागच्या हाडाचे ऑपरेशन’ एवढेच नाव असते. ते नाव उच्चारताच नातेवाईक जो पहिला प्रश्न विचारतात तो बहुधा ठरलेला असतो : “ऑपरेशननंतर ऐकू येईल ना?” प्रामाणिक शल्यचिकित्सक ‘तशी खात्री देता येत नाही’ असे उत्तर देतो. मग ‘ऐकूच येणार नसेल तर हाड कशाला कोरायचे?’ असे म्हणून रुग्ण घरी नेला जातो. वरवर पाहता हा विचार शहाणपणाचा वाटतो, परंतु या विचारापायी माणसे दगावलेली आहेत. कान निर्धोक करणे हा या शस्त्रक्रियेचा पहिला हेतू, तो कोरडा करणे हा दुसरा, आणि ऐकू येणे हा तिसरा. या क्रमाची उलटापालट काही आजची नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तिने एका राजवैद्याचा बळी घेतला आणि त्यामागोमाग ही शस्त्रक्रियाच कित्येक दशके बाजूला पडली. ती हकिकत पुढे येईल. तत्पूर्वी कानाची आतील रचना ध्यानी घेणे आवश्यक आहे.

कानाच्या पाळीमागे बोट फिरवले असता एक कठीण, खाली निमुळता होत गेलेला उंचवटा लागतो. बाहेरून दगडासारखे घट्ट भासणारे हे हाड आतून पोकळ असते. अनारशाला जशी जाळी पडते तशी बारीक बारीक कप्प्यांची जाळी त्यात असते आणि प्रत्येक कप्प्यात हवा असते. हे कप्पे एका मोठ्या पोकळीत उघडतात, ती पोकळी पडद्यामागच्या मध्यकर्णात उघडते, आणि मध्यकर्णातून एक नळी थेट नाकामागे घशाच्या वरच्या भागात उतरते. नाकापासून कानामागच्या हाडापर्यंत अशी ही एकच सलग वाट आहे. लहान मुलांत ती नळी आखूड आणि आडवी असल्यामुळे सर्दीचा कफ सहज वर चढतो. मुलांचेच कान अधिक फुटतात त्याचे हे मोठे कारण होय.

मध्यकर्णात तीन हाडांची साखळी आहे. त्यांना आकारावरून हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी नावे दिलेली आहेत. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची, गव्हाच्या दाण्याहूनही लहान. शरीरातील सर्वांत लहान हाड तेच. पडद्याचे कंपन या साखळीवरून आतल्या कानाकडे जाते.

याहून महत्त्वाचा आहे तो या हाडाचा शेजार. मध्यकर्णाच्या आणि त्या पोकळीच्या माथ्यावर हाडाचा एक पातळ पापुद्रा आहे, आणि त्याच्यावर लगेच मेंदूचे आवरण. मागच्या बाजूस मेंदूतील रक्त खाली आणणारी मोठी नीला आहे. आतल्या बाजूस शरीराचा तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. आणि या साऱ्यांच्या मधून, हाडातील एका अरुंद बोगद्यातून, चेहऱ्याच्या त्या बाजूचे सर्व स्नायू हलविणारी नस गेलेली आहे. डोळा मिटणे, हसणे, पाण्याची गुळणी तोंडात धरणे हे सारे तिच्यावर अवलंबून असते. सुपारीएवढ्या जागेत एवढी मंडळी दाटीवाटीने राहतात. तेथे रोगाने हाड खाण्यास आरंभ केला, तर तो कोणाच्या भिंतीपर्यंत आधी पोहोचेल हे सांगता येत नाही.

आता वाहणारा प्रत्येक कान अशा धोक्याचा असतो काय? तसे नाही, आणि हा भेद प्रत्येक घराने समजून घेण्याजोगा आहे. एका प्रकारात पडद्याच्या मध्यभागी छिद्र असते. सर्दी झाली किंवा पाणी गेले की कान भरपूर वाहतो, स्राव पातळ किंवा चिकट असतो, त्याला फारशी दुर्गंधी नसते, आणि औषधाने तो थांबतो. हा कान त्रासदायक खरा, पण सहसा हाड खात नाही. पडदा शिवून तो बरा करता येतो. दुसऱ्या प्रकारात स्राव थोडाच असतो, पण त्याची घाण सुटते. शेजारी बसलेल्या माणसालाही ती जाणवते. कधी त्यात रक्ताचा अंश दिसतो. औषधाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग गणले, त्यांत ‘कर्णस्राव’ आणि ‘पूतिकर्ण’ असे दोन वेगळे रोग नोंदविलेले आहेत. वाहणारा कान वेगळा आणि कुजक्या वासाचा कान वेगळा, ही नोंद त्या काळातील वैद्याने केवळ डोळ्यांनी आणि नाकाने केली. सूक्ष्मदर्शक हाती असूनही आजचे घर मात्र ती करीत नाही.

या दुसऱ्या प्रकारात बहुधा जे सापडते त्याला ‘कोलेस्टिॲटोमा’ म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३८ साली दिलेले हे नाव चुकीचेच आहे, कारण ती गाठ नव्हे आणि तिच्यात कोलेस्टेरॉलचा विशेष संबंधही नाही. पण नाव रूढ झाले ते झाले. प्रत्यक्षात ती केवळ त्वचा असते, आणि दोष एवढाच की ती भलत्या ठिकाणी असते. नाकामागची नळी दीर्घकाळ बंद राहिली म्हणजे मध्यकर्णातील हवेचा दाब कमी होतो आणि पडद्याचा वरचा सैल भाग आत ओढला जाऊन त्याची पिशवी तयार होते. अंगावरील त्वचेप्रमाणे याही त्वचेचे मृत पापुद्रे सुटत असतात. बाहेर पडायला वाट नसल्याने ते आत कोबीच्या पानांसारखे एकावर एक साचतात. पिशवी वाढते, जंतूंना आसरा मिळतो, आणि लगतचे हाड झिजू लागते. हा कर्करोग नाही. परंतु हाड खाण्याच्या बाबतीत त्याचे वागणे फारसे सौम्यही नाही. आणि यात फसवणूक अशी की तो दुखत नाही. ‘दुखत नाही, म्हणजे विशेष काही नाही’ हा समज या रोगास सर्वांत सोयीचा पडतो.

वेदना, ताप, सतत डोके दुखणे, गरगरणे, तोंड एका बाजूस वाकडे होणे, कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणे, मान ताठ होणे, वांत्या आणि गुंगी : ही लक्षणे रोग शेजारच्या घरात शिरल्याची आहेत. त्यांपैकी एकही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. लहान मुलांत मात्र दीर्घ आजार नसतानाही, साध्या सर्दीनंतर चार-सहा दिवसांत कानामागे लाल सूज येऊ शकते. तेथे रुग्णालयात दाखल करून शिरेतून प्रतिजैविके देतात. बरीच मुले तेवढ्याने किंवा पडद्याला छेद देऊन पू काढल्याने बरी होतात. हाडात पू साचून राहिला तरच हाड उघडावे लागते.

आता इतिहासाकडे वळू. पॅरिसचे नामवंत शल्यविशारद झाँ-लुई पेती यांनी अठराव्या शतकात कानामागच्या हाडात साचलेला पू हाड उघडून बाहेर काढला. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७७४ साली प्रसिद्ध झाला. १७७६ साली यासर नावाच्या प्रशियन लष्करी शल्यवैद्याने एका सैनिकाच्या कानामागील हाड असेच उघडले. आत पिचकारीने सोडलेला द्रव त्याच्या नाकातून बाहेर आला. नाकापासून हाडापर्यंत एकच वाट आहे याचा हा जिवंत पुरावा होता. सैनिक बरा झाला, आणि त्याला अधिक चांगले ऐकूही येऊ लागले.

येथेच घोटाळा झाला. पू काढल्याने जीव वाचला ही गोष्ट मागे पडली आणि हाडास भोक पाडल्याने ऐकू येते ही वार्ता पुढे गेली. डेन्मार्कच्या राजाचे वैद्य बॅरन फॉन बर्गर यांना कमी ऐकू येत असे आणि कानात सतत आवाज होत असत. हाडात पू नव्हता, रोग कुजलेला नव्हता. ऐकू यावे एवढ्यासाठी १७९१ साली त्यांनी ही शस्त्रक्रिया करवून घेतली, आणि काही दिवसांतच मेंदूच्या आवरणाचा दाह होऊन त्यांचा अंत झाला. एवढा मोठा मनुष्य, स्वतः वैद्य, राजदरबारातील. बभ्रा झाल्यावाचून कसा राहील? युरोपातील शल्यवैद्यांनी या शस्त्रक्रियेकडे पाठ फिरविली. त्यानंतरच्या कित्येक दशकांत ज्यांच्या हाडात खरोखरच पू भरलेला होता तेही तिच्यावाचून राहिले. चुकीच्या हेतूने केलेल्या एका शस्त्रक्रियेची किंमत योग्य कारण असलेल्या असंख्य रुग्णांनी मोजली, असे म्हणावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर डब्लिनचे डॉक्टर विल्यम वाइल्ड यांनी कानामागे हाडापर्यंत छेद घेऊन पू मोकळा करण्याची रीत सांगितली. त्यांचा कर्णरोगांवरील ग्रंथ १८५३ चा. पुढे जर्मनीतील हाले येथे हेरमान श्वार्त्झे यांनी आयझेल या सहकाऱ्यासह १८७३ साली आपले अनुभव प्रसिद्ध केले. छिन्नी आणि हातोडी हीच त्यांची आयुधे होती. परंतु त्यांची खरी कामगिरी हत्यारांत नाही. कोणत्या लक्षणांवर हाड उघडावे आणि कोणत्या लक्षणांवर उघडू नये, याचे नियम त्यांनी घालून दिले. शस्त्रक्रियेस तिचा हेतू परत मिळाला आणि ती जगभर स्थिरावली.

याच प्रकरणात दैवाचा एक विचित्र खेळ नोंदवावासा वाटतो. वर उल्लेखिलेल्या डॉक्टर वाइल्ड यांचे पुत्र म्हणजे प्रसिद्ध लेखक ऑस्कर वाइल्ड. तुरुंगात असताना १८९६ साली केलेल्या अर्जात त्यांनी आपल्या कानाच्या दुखण्याची आणि बहिरेपण येण्याच्या भीतीची तक्रार केली होती. १० ऑक्टोबर १९०० रोजी पॅरिसमधील एका हॉटेलच्या खोलीतच त्यांच्या कानावर शस्त्रक्रिया झाली आणि ३० नोव्हेंबरला वयाच्या ४६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जुना कर्णरोग मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचला, असा निष्कर्ष वैद्यक-इतिहासाचे अनेक अभ्यासक काढतात. वडिलांनी ज्या दुखण्यावर ग्रंथ लिहिला त्याच प्रकारच्या दुखण्याने मुलगा गेला.

विसाव्या शतकात चित्र पालटले. स्टॉकहोमचे नूलेन यांनी १९२१ साली कानाच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक वापरला. १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन आले आणि मुलांच्या कानामागची पुवाची सूज, जिने पूर्वी रुग्णालयांचे वॉर्ड भरत, ती विरळा झाली. १९५० नंतर लॉस एंजलिसच्या विल्यम हाऊस यांच्यासारख्यांनी छिन्नीऐवजी वेगाने फिरणारे ड्रिल, त्यावर पाण्याची धार आणि ते पाणी ओढून घेणारी नळी ही पद्धत रुळविली. हातोडीचा ठोका गेला. हाड आता अक्षरशः कणाकणाने झिजविले जाते. ‘कानामागे हाड फोडतात’ हा शब्दप्रयोग घरांत अजून टिकून आहे, पण तो शंभर वर्षे जुना आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी श्रवणचाचणी होते आणि बहुधा सीटी स्कॅन काढला जातो, ज्यात हाडाची जाळी कोठवर खाल्ली गेली आहे ते दिसते. प्रौढांस पूर्ण भूल देतात किंवा जागा बधिर करून गुंगी आणतात. मुलांना पूर्ण भूलच लागते. छेद कानामागच्या घडीजवळ घेतला जात असल्याने व्रण पुढे जवळजवळ दिसत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रोगट कप्पे उघडत उघडत सर्जन आत जातो. चेहऱ्याच्या नसेजवळ पोहोचल्यावर धारदार टोक बदलून हिऱ्याची कणी बसविलेले टोक लावतात, कारण ते सावकाश घासते. साऱ्या कामास साधारण दोन ते तीन तास लागतात. शेवटी कानावरच्या स्नायूचे पातळ आवरण घेऊन त्याचा नवा पडदा बसवितात. हे आवरण रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातील असते.

नसेस इजा होऊन तोंड वाकडे होणे, गरगरणे, उरलेले श्रवण जाणे हे धोके अनुभवी हातांत क्वचित घडतात, पण ते शून्य नाहीत आणि संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांविषयी मोकळेपणाने विचारावे. जिभेच्या एका बाजूची चव काही काळ बदलते, कारण चवीची एक बारीक नस मध्यकर्णातूनच जाते; बहुतेकांत ती तक्रार हळूहळू कमी होते.

एक निर्णय मात्र रुग्णाने समजून घ्यावाच. बाह्य कर्णनलिकेची मागची हाडाची भिंत राखायची की काढायची, असा तो प्रश्न आहे. भिंत राखली तर कान नैसर्गिक राहतो, पाण्याचे पथ्य कमी लागते. परंतु भिंतीआड रोगाचा कण उरला तर तो दिसत नाही, म्हणून वर्षभराने पुन्हा उघडून पाहावे लागते, किंवा अलीकडे विशिष्ट प्रकारच्या एमआरआयने तपासतात. भिंत काढली तर आतली सारी पोकळी बाहेरून दिसते, रोग परतला तर लपून राहू शकत नाही. मात्र ती पोकळी आयुष्यभर, वर्षातून एक-दोनदा, डॉक्टरांकडून साफ करून घ्यावी लागते. गावापासून तालुक्याचे ठिकाण दूर असेल, पुन्हा पुन्हा येणे जमणार नसेल, तर तेही डॉक्टरांस आधी सांगावे. निर्णय त्यावरही अवलंबून असतो. येथे ‘डॉक्टर, तुम्हीच काय ते ठरवा’ म्हणून मोकळे होणे बरे नव्हे.

व्रती गृहस्थांच्या मनात काही शंका हमखास येतात. प्रतिजैविकांनी जंतू मरतात, मग अहिंसाव्रताचे काय? शास्त्रकारांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे भेद करून गृहस्थास संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला. संसारात राहून बाकीची पूर्णपणे टाळता येत नाही हे त्यांनी ओळखले होते. चौदा पूर्वांत ‘प्राणावाय’ हे आरोग्यशास्त्राचे पूर्व आहे, आणि चार दानांत औषधदान आहे. राष्ट्रकूटकालीन उग्रादित्याचार्यांनी मांस, मद्य आणि मध वर्ज्य ठेवून ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ रचला, पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती १९४० साली सोलापुरातून निघाली. उपचार नाकारणे हा जैन आचार नव्हे, उपचार विवेकाने घेणे हा आहे, असेच या परंपरेवरून दिसते.

तो विवेक कोठे उपयोगी पडतो? कॅप्सूलचे आवरण बहुधा प्राणिजन्य जिलेटिनचे असते; तेच औषध गोळीच्या रूपात मिळते का हे विचारावे. शस्त्रक्रियेच्या शेवटी कानात विरघळणारा स्पंज भरतात, तोही पुष्कळदा जिलेटिनचाच असतो. ज्यांस त्याचा आक्षेप आहे त्यांनी तो टेबलावर नव्हे, पहिल्या भेटीतच नोंदवावा, म्हणजे डॉक्टरांस पर्यायाचा विचार करता येतो. रात्रिभोजनत्याग असणाऱ्यांनी सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या दरम्यान बसतील अशा वेळा लिहून मागाव्यात. अनेक औषधांची दिवसातून दोनदा घ्यायची रूपे मिळतात. मागायचे नाही, आणि मग रात्रीची मात्रा गुपचूप सोडून द्यायची, हा प्रकार सर्वांत वाईट. अर्धवट प्रतिजैविकाने रोग दबतो आणि पुन्हा उठतो. भुलेपूर्वी सहा तास काही खायचे नसते. ज्याचा रात्रिभोजनत्याग आहे, त्याची सकाळच्या शस्त्रक्रियेची निम्मी तयारी आधीच झालेली असते. मधुमेही रुग्णाने मात्र उपवासाचा हिशेब स्वतः न करता डॉक्टरांवर सोपवावा. दशलक्षण पर्वात शस्त्रक्रिया नको असे वाटल्यास तारीख पुढे नेता येते, पण वर सांगितलेली धोक्याची लक्षणे असतील तर पर्व संपण्याची वाट पाहण्याएवढा वेळ रोग देत नाही.

घरगुती उपायांबद्दलही दोन शब्द. कोमट तेल, औषधी पाला, तुरटी, हळद, जे जे हाती लागेल ते कानात जाते. ज्या स्वयंपाकघरात लसणीला प्रवेश नाही, त्या घरीही कानासाठी लसणीचे तेल उकळलेले आढळते, हे जरा नवलच! पडद्याला छिद्र असताना कानात घातलेली प्रत्येक वस्तू थेट मध्यकर्णात जाते. उन्हाळ्याच्या सुटीत विहिरीत, कृष्णेत, पंचगंगेत मुले डुंबतात तेव्हाही हेच घडते. अभिषेकासाठी सकाळी स्नान करणाऱ्यांनी कापसाच्या बोळ्याला व्हॅसलिन लावून तो कानात बसवावा आणि स्नान होताच काढून टाकावा. पाणी गाळून पिण्याचा दंडक ज्या घरात पाळला जातो, तेथे कानात न गाळलेले पाणी जाऊ न देणे काही अवघड नाही.

शस्त्रक्रियेनंतर टाके साधारण आठवड्याभरात निघतात. कानातील पट्टी काही आठवडे राहू शकते, आणि तोवर ऐकू कमीच येते. ही पट्टी पाहून ‘ऑपरेशन फसले’ असा निष्कर्ष काढणारे नातेवाईक कमी नाहीत. नाक जोराने शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवावे, विमानप्रवास डॉक्टरांस विचारूनच करावा.

आणि ऐकू येण्याचे काय? रोग निघून कान कोरडा राहिला, म्हणजे हाडांच्या साखळीतील तुटलेला दुवा जोडण्याचा विचार त्याच वेळी किंवा नंतरच्या शस्त्रक्रियेत करता येतो. काहींचे श्रवण सुधारते, काहींचे होते तसे राहते, काहींचे थोडे कमीही होते, कारण कधी कधी ध्वनी पुढे नेण्याचे काम रोगाचा तुकडाच करीत असतो आणि तो काढावाच लागतो. तरीही कोरडा कान झाला की श्रवणयंत्र लावता येते. वाहत्या कानात ते बसविणे कठीण असते, बसविले तरी टिकत नाही. प्रवचनाच्या सभेत मागच्या रांगेत मान हलवीत बसणाऱ्या अनेक वडीलधाऱ्यांची अडचण भक्तीची नसून कानाची असते, हे त्यांच्या घरच्यांनीच ओळखायचे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगात साडेसहा ते तेहतीस कोटी लोकांचे कान वाहत असल्याचा अंदाज दिला आणि या रोगाचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या देशांत भारताची गणना केली. २००७ साली केंद्र शासनाने बधिरता प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आरंभ झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांचे नाव धारण करणाऱ्या योजनेत कान-नाक-घशाच्या शस्त्रक्रियांचाही विभाग आहे. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे त्याची चौकशी होऊ शकते. न्यासांच्या आरोग्य शिबिरांत डोळे, रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्याच रांगेत एक कानाचा डॉक्टर आणि एक साधे कर्णदर्शक ठेवल्यास पाठशाळेतील मुलांचे कान अर्ध्या दिवसात पाहून होतील.

ज्यांची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली आहे त्यांनी आपली फाइल शोधून काढावी. कोणत्या कानाची, कोणत्या साली, भिंत राखली की काढली, साखळीतील कोणते हाड उरले, हे त्या एका कागदावर असते, आणि वीस वर्षांनी कान पुन्हा वाहू लागला तर नव्या डॉक्टरास सर्वांत आधी तोच कागद लागतो. श्रवणचाचणीचे जुने आलेखही त्याच फाइलीत लावून ठेवावेत. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर निवृत्त झालेले असतात, रुग्णालयाचे जुने दप्तर सापडतेच असे नाही. घरच्या कपाटातील ती फाइल मात्र सापडते.